लिवलं कुणी?

नोकरीसाठी मी नाशिकहून कोल्हापुरात आले, तेव्हा मंगळवार पेठेतली एक खोली बघायला गेले होते. सकाळी रेडिओवर लागलेलं कुठलंसं गाणं डोक्यात बसलं होतं, तेच गुणगुणत जिना चढत होते. वर घरमालकीण उभी होती. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात पिठाचे.

"कुणाचं गाणं ते?"

मी सिनेमातल्या नायिकेचं नाव सांगितलं.

"ती नुसती व्हट हलवती. लिवलं कुणी?"

"ते नाही माहीत."

"मग आदी म्हाईत करून या. खोली कुठं पळून जात न्हाय."

मला वाटलं, गंमत करतायत. पण त्या दारातून हलेनात. शेवटी मी खाली उतरले, गल्लीत उभी राहून मोबाईलवर गीतकाराचं नाव शोधलं आणि परत वर जाऊन सांगितलं. ते नाव त्यांनी सावकाश एकदा स्वतःशीच म्हटलं, घरात आलेल्या पाहुण्याचं नाव नीट ऐकून घ्यावं तसं. मग कनवटीची किल्ली काढली. "आता बघा खोली. च्या पण ठेवतो."

आमच्याकडच्या बायका 'ठेवते' म्हणतात, कोल्हापूरच्या 'ठेवतो', हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गल्ली त्यांना आक्का म्हणायची. मीही म्हणायला लागले, आणि पुढची काही वर्षं त्यांच्या माडीवर राहिले.

आक्कांचं हे 'लिवलं कुणी' गाण्यापुरतं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत आमटी आवडली की त्या जेवण टाकून मागच्या अंगणात जायच्या आणि आचाऱ्याला गाठून त्याचं नाव, गाव विचारून यायच्या. मग परत पानावर बसून शेजारणीला सांगायच्या, "आमटी कागलच्या माणसाची हाय." जणू त्याशिवाय आमटीला चवच नाही. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी भाषणाचा शेवट चार ओळींनी केला. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर तिसऱ्या-चौथ्या रांगेतून आक्का उठल्या. "पावणं, ओळी झकास हैत. खरं कुणाच्या हैत त्या सांगून बसा की." पाहुण्यांना सांगता येईना. मुख्याध्यापक घाईघाईनं आभार मानायला उठले. घरी येईपर्यंत आक्का चिडलेल्याच होत्या. "दुसऱ्याच्या ताटातलं खायाचं आणि ताट कुणाचं ते सांगायचं न्हाय, ही काय रीत हाय?"

त्या स्वतः गाणी करायच्या. हळदीची, बारशाची, डोहाळजेवणाची. पेठेतल्या कुठल्याही घरी कार्य निघालं की आक्कांना बोलावणं यायचं. त्या घरच्यांची थोडी चौकशी करायच्या, मुलगी कशी आहे, सासू कशी आहे, आणि त्या कार्यापुरतं नवं गाणं तयार करायच्या. कागदावर एक अक्षर नाही. 'लिवलं कुणी' असं जगाला विचारणारी ही बाई स्वतः काही लिहीतच नसे. "कागदावर ठेवलं की गाणं वाळतंय," म्हणायच्या. पीठ मळताना ओळ सुचायची, आणि ती बरी आहे की नाही हे ठरायचं कपिलतीर्थाच्या भाजीमंडईत. मेथीची जुडी निवडता निवडता त्या नवी ओळ म्हणायच्या. भाजीवालीचा तराजू धरलेला हात थांबला तर ओळ पास. नाही थांबला तर घरी येऊन परत पीठ.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना गाणं ऐकवण्यात अर्थ नव्हता, ते दुसऱ्या ओळीला डुलकी घ्यायचे. आक्का म्हणायच्या, "हेंनी जिंदगीभर इंजिनं ऐकली. माझा आवाज त्यास्नी बारीक पडतोय."

या सगळ्या गाण्यांतलं एक गाणं गल्लीची वेस ओलांडून गेलं होतं. नवरीला हळद लावताना नवऱ्या मुलाला ऐकवायचं ते गाणं.

*जावयबापू, दमानं घ्या, लेक आमची साधी न्हाय,*
*गुळाची ढेप दिसती खरं, आत ठेचा भरला हाय.*

ढेपेचं गाणं म्हणून ते ओळखलं जायचं. चाल जुनी, ओवीसारखी, पण शब्द असे की म्हाताऱ्या बायकाही तोंडाला पदर लावून हसायच्या. आक्कांचं माहेर मुरगूड. जुने शाहीर शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफतात, तसं आक्का शेवटच्या कडव्यात माहेर गुंफायच्या.

*मुरगूडची लेक म्हनं, गाणं माझं उसनं न्हाय,*
*ज्याच्या घरात लेक हाय, त्याला पुसा खरं काय.*

एका सकाळी ती भाजीवालीच मोबाईल घेऊन आली. "आक्का, तुमचं गाणं लई गाजालंय की." व्हिडिओत चकाकणारं जाकीट घातलेला एक तरुण गायक होता, मागे डीजेचा ठोका, पुढे नाचणारी पोरं. खाली लिहिलं होतं गीतकार, संगीतकार, गायक, आणि तिन्ही ठिकाणी त्याचंच नाव. हा गायक हळदीच्या कार्यक्रमांतून गायचा, जिल्ह्यात बऱ्यापैकी माहीत होता. कुठल्या तरी लग्नात त्यानं गाणं ऐकलं असणार.

आक्कांनी पूर्ण व्हिडिओ बघितला. मग शांतपणे विचारलं, "शेवटचं कडवं कुठाय?"

"नाहीये त्यात," मी म्हटलं.

"म्हंजे समजून कापलंय." मोबाईल परत देऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मला वाटलं होतं, त्या आरडाओरडा करतील. तसं काही झालं नाही. खरा घाव पुढच्याच आठवड्यात बसला. गल्लीतल्या एका मुलीची हळद होती. आक्कांनी नेहमीसारखं ढेपेचं गाणं सुरू केलं, आणि नवरीची एक मैत्रीण कौतुकानं म्हणाली, "बघ की, आक्का पण रीलमधली गाणी म्हणायला लागल्या." सगळ्या हसल्या. त्या मुलीच्या मनात काही वाईट नव्हतं. आक्कांनी ते कडवं पुरं केलं, हळदीचा हात पुसला आणि त्या घरी निघून आल्या.

त्यानंतर त्यांच्या स्वयंपाकघरातून गाणं ऐकू येईना. नुसता परातीचा आवाज. बारशाचं बोलावणं आलं तर "घसा बसलाय" म्हणाल्या. एरवी जाग न येणारे काकासुद्धा दुपारी डोळे उघडून स्वयंपाकघराकडे बघत बसायचे. मला एकदा म्हणाले, "घर बंद पडल्यागत वाटाय लागलंय."

त्या रविवारी मी खाली गेले आणि आक्कांना म्हटलं की गाण्याची सरकारदरबारी नोंद करता येते. कॉपीराइटची. मी ज्या वकिलांकडे काम करत होते, त्यांच्याकडे असे एक-दोन अर्ज मी भरले होते. गाणं ज्यानं केलं त्याचा हक्क ते केल्या क्षणापासूनच असतो, पण नोंद असली की भांडताना हातात पुरावा राहतो.

काका म्हणाले, "गाणं काय म्हस हाय व्हय, दावणीला बांधून ठेवायला?"

"म्हस चोरीला गेली तर तुमी पोलिसात जाताय न्हवं?" आक्का म्हणाल्या. मग मांडणीकडे बोट दाखवलं. "त्यो तांब्या, ती परात, ते डबं. सगळ्यावर नाव घालून घेतलंय मी. आठ आण्याच्या चमच्यावर नाव चालतंय, आणि गाण्यावर नगं?"

काकांनी तांब्याकडे बघितलं आणि विषय सोडून दिला.

आम्ही अर्जाला बसलो. मी सांगितलं, गाण्याचे शब्द साहित्यकृती म्हणून नोंदवायचे.

"साहित्य म्हंजे? गूळ, मिरची, लसूण?"

"लेखन. तुम्ही आता साहित्यिक."

त्यावर त्या पदर सारखा करून बसल्या. मग मी म्हटलं, चालीचा अर्ज वेगळा करावा लागतो, संगीतकृती म्हणून, तोही करून टाकू. तिथं मात्र त्यांनी मला थांबवलं.

"चाल माझी न्हाय."

"पण तुम्ही थोडी बदललीय ना?"

"थोडी बदलली म्हणून माझी हुती व्हय? जात्यावरची चाल हाय ती. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. त्यात कुणाचं नाव घालू मी? शब्द माझं हैत. तेवढंच लिव. आणि चाल आमची न्हाय असं पण लिव."

असं कुणी अर्जात लिहीत नाही, हे मी त्यांना समजावून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी वर्णनाच्या रकान्यात मी लिहिलं, चाल पारंपरिक असून तीवर अर्जदाराचा दावा नाही.

अर्ज दाखल झाला, दिल्लीहून अर्जाचा डायरी नंबर आला. "आधार कार्ड आलं म्हणायचं गाण्याचं," आक्का म्हणाल्या. नियम असा की ज्याचा त्या गाण्यावर दावा असू शकतो त्याला अर्जदारानंच नोटीस पाठवायची. आमच्या वकीलसाहेबांना वाटत होतं की आता तो गायक भांडण उकरून काढणार. आक्कांना मात्र हा नियम फार आवडला. "म्होरनं जायाचं. मागल्या दारानं त्यो आलता, मी न्हाय."

गायकाची हरकत आली. त्याच्या वकिलानं लिहिलं होतं की हे लोकगीत आहे, गायकानं ते आपल्या आजीकडून लहानपणी ऐकलं आहे, ते कुणा एकाचं नाहीच. दोन्ही बाजूंची सुनावणी ठेवली गेली. वकीलसाहेब म्हणाले, त्या व्हिडिओच्या आधी हे गाणं तुम्ही गात होता याचा पुरावा लागेल.

कागद तर नव्हताच. पण आक्कांनी ज्यांना हळद लावली होती त्या नवऱ्या होत्या, आणि त्यांच्या लग्नांची शूटिंगं होती. मग माझी स्कूटर आणि मागे आक्का, असे आमचे सुट्टीचे दिवस जायला लागले. कागलमध्ये एका नवरीनं कपाटाच्या तळातून सीडी काढून दिली आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिची मुलगी आता कॉलेजात होती. मुरगूडला एकीच्या सासूनंच शूटिंग जपून ठेवलं होतं. म्हणाली, "ढेपेचं गाणं मलाच ऐकवलंतं न्हवं तवा? बरोबर हुतं ते. ठेचाच निघाली सून." सून आतून हसत होती. प्रत्येकीनं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं कबूल केलं.

गारगोटीत मात्र आक्का बाजारपेठेच्या अलीकडेच म्हणाल्या, "हिकडनं नगं. मागल्या रस्त्यानं घे."

मी स्कूटर थांबवली. तेव्हा त्यांनी सांगितलं. ढेपेचं गाणं ज्या मुलीसाठी केलं, ती त्यांच्या मामेबहिणीची मुलगी, वैशाली, याच रस्त्याला राहायची. तिच्या हळदीच्या सकाळी ती भेदरून रडत होती, तिला हसवायला म्हणून आक्कांनी हे गाणं रचलं. पण ते लग्न टिकलं नाही. सासरी फार त्रास झाला. ती परत आली, आता इथंच एका शाळेत शिकवत होती. सगळ्यांत जुनं शूटिंग तिच्याकडे होतं.

"मग तेच तर हवंय आपल्याला," मी म्हटलं.

"तिच्या दुखण्यावर माझं गाणं तरंगवायचं? नगं. हरलो तर हरलो."

आम्ही मागच्या रस्त्यानं गेलो.

सुनावणीला थोडे दिवस उरले असताना एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. सुती साडी, खांद्याला शाळेची पिशवी. आक्का तिला बघून पीठ मळायच्या थांबल्या. ती वैशाली होती. कागलच्या नवरीनं तिला फोन करून सगळं सांगितलं होतं.

"मावशी, तुमी सगळ्यांकडं गेलासा आणि माझ्याच दारावरनं मागं फिरलासा?"

आक्का म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं येऊ? तुला त्यातलं काय बघायला लावायचं न्हवतं मला."

वैशालीनं पिशवीतून सीडी काढून ओट्यावर ठेवली. "मी बघितली काल. सगळी न्हाय, तुमच्या गाण्यापुरती." मग ती खाली बसली. "त्या लग्नातलं तेवढंच खरं निघालं, मावशी. मी साधी न्हाय असं तुमी सगळ्यांच्या म्होरं सांगितलंतासा. माझ्याबद्दल तसं कुणी कधी बोललं न्हवतं. त्या घरात एक दिवस असा आला की मला ते आठवलं. आणि मी भाईर पडलो."

आक्कांनी पिठाच्या हातानंच तिला जवळ घेतलं. तिच्या साडीवर पिठाचे दोन पंजे उमटले, ते तिनं झटकले नाहीत. काका उठून बाहेर गेले आणि येताना भडंग घेऊन आले. त्यांना दुसरं काय करावं ते सुचलं नसावं.

सुनावणी व्हिडिओवरच होती. वकीलसाहेबांच्या ऑफिसात मोठ्या पडद्यासमोर आक्का बसल्या. एका चौकोनात दिल्लीचे अधिकारी, एकात गायक आणि त्याचा वकील. गायक जाकीट न घालता, साध्या शर्टात आला होता, त्यामुळे फारच लहान दिसत होता.

त्याच्या वकिलानं मुद्दा मांडला. चाल शेकडो वर्षांची आहे, जात्यावरची आहे, घराघरांत आहे. मग या बाई गाणं आपलं कसं म्हणतात?

अधिकाऱ्यांनी आक्कांना विचारलं. आक्का हिंदीत बोलल्या, म्हणजे त्यांच्या हिंदीत. "साहेब, चाल लोकांकीच हाय. हम चाल मांग्याच नै. अर्ज में लिख्याय, बघा. शब्द तेवढे हमारे हैं."

अधिकाऱ्यांनी अर्ज चाळला. तो रकाना त्यांनी वाचला असणार, कारण चष्मा वर करून ते गायकाच्या वकिलाकडे वळले. चालीवर तर अर्जदार दावाच करत नाहीत, मग तुमची हरकत शब्दांवर आहे का? आणि शब्द लोकगीत असतील, तर तुमच्या अशिलानं व्हिडिओखाली गीतकार म्हणून स्वतःचं नाव कसं लिहिलं? दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा.

त्या चौकोनात कुजबुज झाली.

मग वैशालीच्या हळदीचं शूटिंग लावलं. पेठेतल्या फोटो स्टुडिओवाल्यानं ते सीडीवरून उतरवून दिलं होतं. पडद्यावर मांडव, हळदीचा पाट, भेदरलेली नवरी, आणि तिच्या बाजूला काळ्या केसांच्या आक्का. गाणं सुरू करण्याआधी त्या बायकांना म्हणतात, "आज सकाळीच केलंय, चुकलं तर हसू नगासा." मग पहिली ओळ. बायका नुसत्या ऐकतायत. दुसऱ्या ओळीत ठेचा आला आणि सगळा मांडव एकदम फुटला. ज्यांनी ते आधी कधी ऐकलेलं नाही अशांचं ते हसणं होतं. आणि हसणाऱ्या बायकांच्या मधोमध नवरीचा चेहरा हळूहळू उजळत गेला. शेवटचं कडवं आलं, मुरगूडची लेक आली, आणि शूटिंग संपलं.

अधिकाऱ्यांना मराठी किती कळत होतं कोण जाणे. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. माझ्या शेजारी वैशाली बसली होती. तिनं पडद्यावरून नजर हटवली नव्हती.

निकाल काही आठवड्यांनी आला. हरकत फेटाळली होती, गाण्याचे शब्द आक्कांच्या नावावर नोंदवले गेले होते. मी नोंदीचा उतारा छापून आणला. आक्कांनी माझ्याकडून नावाची ओळ वाचून घेतली, मग स्वतः वाचली. 'लेखक' या शब्दावर बोट ठेवून थोडा वेळ बसल्या. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून नव्या गाण्याची ओळ ऐकू आली आणि काका समाधानानं झोपी गेले.

गायक पुढच्या आठवड्यात आला, एकटाच. व्हिडिओ त्यानं काढून टाकला होता. दारातच वाकून आक्कांच्या पाया पडायला गेला.

"पाया पडू नगस," आक्का म्हणाल्या. "पाठ कर."

त्याला समजलं नाही. त्यांनी त्याला समोर बसवलं. "गळा तुझा चांगला हाय, त्यात वाद न्हाय. गाणं म्हण, माझी परवानगी हाय. मी लिवून पण देतो. खरं सगळी कडवी म्हणायची, आणि सुरू करायच्या आदी कुणाचं हाय ते सांगायचं." आणि त्यांनी त्याला दुपारभर गाणं शिकवलं. ठेच्याच्या ओळीवर तो घाई करायचा. "दमानं. जावयाला दमानं घ्या म्हणायचं गाणं हाय आणि तूच धावालायस." जाताना त्यानं विचारलं, "आक्का, तुमी कोर्टात खेचलं न्हाईसा मला. का?" आक्का म्हणाल्या, "गाणं परत आलं. आता तुला खेचून काय करू?"

कागलला एका मोठ्या मैदानावर त्याचा कार्यक्रम होता. त्यानं आम्हाला पुढच्या खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. वैशाली गारगोटीहून आली, कागलची नवरी मुलीला घेऊन आली, मुरगूडची सासू-सून आली. आक्कांनी नवी साडी नेसली होती.

ढेपेच्या गाण्याची वेळ आली. वादकांना थांबवून गायक माईकजवळ आला. त्यानं सांगितलं की हे गाणं त्याचं नाही, आणि आक्कांचं पूर्ण नाव घेतलं, नावापुढे मुरगूडच्या म्हणून सांगितलं. पुढच्या रांगांतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीनं आक्कांचा हात धरला. मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येणार.

आक्कांनी हात सोडवून घेतला, त्या खुर्चीतून उठल्या आणि थेट मंचाकडे बघून, माईक नसताना सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अजून एकदा सांग. मागच्यास्नी ऐकू गेलं न्हाय."

त्यानं परत सांगितलं.